भाताचा दात

अनुदान मिळालं की माणसाची चाल बदलते. माझी इतकी बदलली की रोह्याच्या बाजारपेठेतली कुत्री, जी एरवी मला बघून जांभई द्यायची, ती उठून उभी राहायला लागली. निदान मला तरी तसं दिसायचं.

मी तेव्हा रोह्याच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होतो. शिकवत होतो म्हणजे फळ्यावर लिहीत होतो. मुलं काय करत होती ते मला ठाऊक नाही, कारण फळ्याकडे तोंड असलं की मागचं दिसत नाही, आणि त्या सोयीचा मी पुरेपूर फायदा घेतला. असं सगळं सुखात चाललेलं असताना मुंबईच्या एका संस्थेनं जाहीर केलं, की माणसाच्या शरीरात बसवता येतील असे नवे पदार्थ शोधणाऱ्याला सरकारी पैसा मिळेल. हाडाच्या भेगेत, दाताच्या खड्ड्यात, जबड्याच्या पोकळीत भरायचे पदार्थ. ते बाहेरच्या देशांतून यायचे आणि इतके महाग पडायचे की गरिबानं खड्डा तसाच ठेवलेला परवडायचा.

मी अर्ज केला. माझा पदार्थ होता भाताचं तूस.

हसू नका. तूस नीट जाळलं तर पांढरी राख उरते आणि तिच्यात काचेचा अंश भरपूर असतो. त्या राखेतून एका खास जातीची काच करायची, काच दळून तिचं पीठ करायचं, ते पीठ हाडाच्या पोकळीत भरायचं. हाड त्याला धरून बसतं. मग पीठ हळूहळू विरघळत जातं आणि त्याच्या जागी खरं हाड येतं. यातलं मी काहीही शोधलेलं नव्हतं. जगातल्या शहाण्या माणसांनी अशा काचेचं काम आधीच केलं होतं. माझा शोध एवढाच, की पेणच्या खाडीकाठी आमच्या खारेपाटात गिरण्यांच्या मागे तुसाचे डोंगर पडलेले असतात आणि ते उचलून नेणाऱ्याला गिरणीवाला वर चहा पाजतो.

मुलाखतीला परीक्षक म्हणून एक बाई होत्या. चष्म्यावरून बघणाऱ्या. त्यांनी विचारलं, "हा पदार्थ शरीराला मानवेल कशावरून?"

हा त्या शास्त्राचा मुख्य प्रश्न. पदार्थ कितीही मजबूत असो, शरीराला मानवला नाही तर सगळं फुकट. यावर पुष्कळ अभ्यास करून उत्तर द्यायचं असतं. मी म्हणालो, "बाई, आमच्याकडे पिढ्यान्पिढ्या तुसाच्या राखेनं दात घासतात. ज्यांना मानवली नाही, त्यांच्यापैकी कोणी अजून तक्रार घेऊन आलेलं नाही."

बाई इतक्या हसल्या की चष्मा टेबलावर पडला. अनुदान मला तुसासाठी मिळालं की त्या हसण्यासाठी, याचा उलगडा मला आजही झालेला नाही.

मंजुरीचं कळलं त्या दिवशी मी रोह्याहून घरी पेणला निघालो. एसटीत शेजारी बसलेल्या माणसाला नागोठण्यापर्यंत मी फक्त एवढंच सांगितलं होतं, की सरकारनं मला दातांच्या कामाला पैसे दिलेत. वडखळ येईपर्यंत मी भातापासून दात बनवत होतो. पेणच्या रामवाडी स्टँडवर उतरलो तेव्हा दिल्लीच्या एका मंत्र्याच्या जबड्याचं माप माझ्या खिशात होतं. मी खोटं बोललो असं म्हणणं बरोबर नाही. रस्ता खराब होता आणि गाडी सावकाश चालली होती, इतकंच.

पण ती बातमी दुसऱ्या गाडीनं खाडीकाठी गेली, आणि खाडीकाठी माझी आत्या राहायची.

आत्याच्या घरच्यांचं मिठागरावर काम आणि थोडं खारं भातशेत. पण पंचक्रोशीत तिची ओळख वेगळी होती. आत्या धवलारीण होती. आमच्याकडे लग्नात भटजी येतो, मंगलाष्टकं म्हणतो, दक्षिणा घेतो, त्याचं त्याला लखलाभ. पण तांदळाच्या पिठाचा चौक भरून, त्यापुढं बसून धवलारीण धवला गायल्याशिवाय नवरीला हळद लागली असं आमच्या बायका मानत नाहीत. धवला म्हणजे लग्नाचं गाणं, आणि आत्याच्या तोंडात किती धवले होते ते तिलाही सांगता यायचं नाही. ती या काठाला गायला लागली की खाडीच्या पलीकडल्या मांडवातल्या नवऱ्या आपोआप पाटावर येऊन बसायच्या. तिकडचे लोक म्हणायचे, आपली हळद नंतर आहे. नवऱ्या म्हणायच्या, आवाज आला ना, लावा.

अशा या आत्याचे समोरचे वरचे दोन दात एका चिंबोरीनं, म्हणजे खाडीतल्या खेकडीनं, पाडले.

चिंबोरी शिजलेली होती, तरी जिंकली. आत्या नांगी दातांनीच फोडायची. वरवंटा तिच्या मते म्हाताऱ्यांसाठी होता आणि ती स्वतः फक्त आजी झाली होती. त्या दिवशीची नांगी काय लोखंडाची होती देव जाणे. कडकन आवाज झाला, सगळ्यांना वाटलं फुटली एकदाची, आणि आत्यानं नांगी तोंडातून काढली तर ती अख्खी होती आणि तिच्यात दोन दात रुतलेले होते.

मंजुरीनंतरच्या रविवारी तिनं मला बोलावून घेतलं. ओटीवर बसवलं, चहा दिला आणि म्हणाली, "भाच्या, मना हात बनवून दे."

मी तिच्या हातांकडे पाहिलं. दोन्ही जागच्या जागी होते, एकात कपबशी होती.

"कशाला गो आत्या? हाईत की दोन."

"हात नाय रं मेल्या! हात!" आत्या कडाडली आणि तिनं तोंड उघडून दाखवलं.

तेव्हा मला कळलं. दात म्हणायला समोरचे दात लागतात. आत्याचे द आणि ध सरळ ह वर आले होते, त आणि थ निम्मेच उमटायचे, आणि स म्हणायला गेली की कुकरची शिट्टी व्हायची. धवला म्हणायला जावं तर तोंडातून हवला पडायचा. यापुढं तिचं बोलणं मी दुरुस्त करून लिहितो, नाहीतर वाचता वाचता तुमची जीभ चावली जाईल.

आत्याची घाई वेगळ्याच कारणासाठी होती. वैशाखात तिच्या नातीचं, लेकीच्या मुलीचं लग्न होतं. गावोगावच्या पोरींची हळद गाऊन लावलेल्या आत्याला स्वतःच्या नातवंडांतली पहिली हळद आता गायची होती. धवल्यात आधी देव बोलवायचे, मग घरातली गेलेली माणसं बोलवायची, आणि सगळ्यात शेवटी नवरीचं नाव घ्यायचं. ते नाव स्वच्छ यायला हवं. हळद कुणाची हे देवांना त्यावरून कळतं. नवरीचं नाव मी इथं लिहीत नाही, पण त्यात दोन स होते आणि शेवटी ता. आत्याच्या फटीसाठी याहून वाईट नाव पंचांगात शोधून सापडलं नसतं.

आत्याचा जावई, म्हणजे नवरीचा बाप, आत्याच्याच घरी राहायचा आणि धाटावच्या कंपनीत शिफ्टला होता. माणूस साधा, पण त्याला प्रत्येक अडचणीवर बाजारातला उपाय माहीत. तोही ओटीवर बसला होता. म्हणाला, "मामी, टेन्शन कशाला घेताव? धवल्यांची कॅसेट मिलते आता. फस्ट शिफ्ट सुटली की रोह्यावरनं घेऊन येतो. मशीन लावू, काम फत्ते."

"तुझ्या कॅसेटला माझे नातीचा नाव ठावं हाय का?" आत्यानं विचारलं.

जावई डोकं खाजवायला लागला.

"मंग हलद कुनाला लावशील? दुकानदाराला?"

मी समजूत घालायला म्हणालो, की पेणला माझा शाळेतला मित्र दातांचा डॉक्टर आहे, तो झकास कवळी करून देईल.

"नको. त्यो मेलेल्या मानसांचे दात बसवतो."

"प्लास्टिकचे असतात गो."

"मंग मेलेल्या प्लास्टिकचे. मना तुझा भाताचा दात दे. भात आपला हाय, मना मानवल."

आता इथं शहाण्या माणसानं सांगितलं असतं, की मी दात बनवत नाही. मी खड्ड्यात भरायचं पीठ बनवणार आहे, आणि तेसुद्धा अजून बनलेलं नाही. पण ओटीवर आत्याच्या शेजारणी जमल्या होत्या, कोणीतरी मला सायेब म्हटलं होतं, आणि मंत्र्याच्या जबड्याची गोष्ट माझ्याआधी तिथं येऊन बसली होती. मी चहाचा शेवटचा घोट घेतला आणि म्हणालो, "लग्नाआधी बसवतो."

मग कॉलेजात मी तूस जाळायला घेतलं.

अनुदानातून भट्टी आली होती. ती सुरू केली की तिच्यात उजेड यायचा आणि बाकी सगळ्या कॉलेजात अंधार व्हायचा. प्राचार्यांचा पंखा पहिला बंद पडायचा. ते घाम पुसत प्रयोगशाळेच्या दाराशी यायचे आणि विचारायचे, "सर, दाढा भाजून झाल्या का? म्हणजे आम्ही जरा वारा खाऊ." तूस तर असलं हट्टी, की जाळलं की कोळसा व्हायचं, जास्त जाळलं की दगड व्हायचं, आणि चुकून पांढरं झालंच तर दार उघडल्याबरोबर उडून माझ्या डोक्यावर बसायचं. त्या दोन महिन्यांत मी तरुणपणीच पिकलो असं रोह्यात सगळे म्हणायचे. पहिलं पीठ तयार झालं ते पाण्यात टाकल्याबरोबर त्याची लापशी झाली. दुसरं इतकं कडक झालं की खल फुटला.

पीठ दाताला चिकटतं का ते बघायला खरे दात हवेत. पेणचा माझा डॉक्टर मित्र दात उपटून फेकून द्यायचा, त्याला मी साठवायला सांगितलं. त्यानं मोठ्या मनानं लोणच्याची बरणी भरून दिली. मिठाच्या पाण्यात तरंगणारे, स्वच्छ धुतलेले दात. ती मांडीवर घेऊन मी रामवाडीला रोह्याच्या गाडीत बसलो.

शेजारच्या बाईनं बरणीकडे बघून विचारलं, "कसला लोनचा हाय ओ?"

मुरलेल्या आवळ्याचं, असं म्हणालो असतो तर प्रकरण मिटलं असतं. मी म्हणालो, "दातांचं."

बाई हसली. मीही हसलो. नागोठण्याच्या अलीकडे एका खड्ड्यात गाडी अशी आपटली की टपावरचा माणूस आत आला आणि आतला टपावर गेला. बरणी माझ्या मांडीवरून उडाली, झाकण एकीकडे, पाणी दुसरीकडे, आणि दात सगळ्या गाडीत.

किंचाळ्या थांबल्यावर मी वाकून वेचायला लागलो. लोक चांगले असतात हो. जरा वेळानं तेही वेचायला लागले.

"ही दाढ तुमची का?"

"माझीच. द्या."

"आणि हा?"

"तोही माझा."

"तोंडात पन हाईत आनि बरणीत पन? मानूस हाय का सुसर?"

पेणजवळच्या जोहे गावचा एक गणपती करणारा कारखानदार रोह्याला बहिणीकडे निघाला होता. त्यानं एक लांब सुळा उजेडात धरून सगळ्या बाजूंनी बघितला आणि धंद्याच्या आवाजात विचारलं, "असे घाऊक मिळतात का?" कंडक्टर तिकिटांची पेटी वाजवत माझ्यापाशी येऊन उभा राहिला. म्हणाला, "सायेब, एवढी मानसं घेऊन चाललाव, यांची तिकिटं कुठंहेत?"

गाडी हसून हसून रोह्याला पोचली. पण लोणच्याची चौकशी करणारी बाई खाडीकाठची होती, तिचं माहेर आत्याच्या गावचं, आणि दात सांडल्यापासून ती हसली नव्हती.

आठवडाभरात आत्याचा निरोप आला. निरोपात नुसतं "ये" होतं, पुढं भाच्या नव्हतं.

मी गेलो तेव्हा आत्याच्या अंगणात लग्नाचे पोह्याचे पापड चालले होते. पेणकडचं लग्न पापडाशिवाय होत नाही. बायका पीठ कुटत होत्या, आत्याची लेक लाट्या करत होती, पोळपाट भिरभिरत होते. मला बघून सगळ्यांनी हात चालू ठेवून तोंडं बंद केली. बायकांनी तोंडं बंद केली की समजावं, आधी पुष्कळ बोलून झालंय.

"मेलेल्या मानसांचे दात बरणीत घालून फिरतंस?" आत्यानं विचारलं.

"मेलेल्यांचे नाय गो. सगळे जिते हाईत. पेणच्या बाजारात फिरताना दिसतील तुला."

"मंग त्यांचे त्यांना देऊन टाक. मना कुनाचा उष्टा दात नको. तू भाताचा बोललंस."

मी पायरीवर बसलो. सगळ्या जन्मात मला गोष्ट वाढवून सांगायला कधी कष्ट पडले नाहीत. कमी करून सांगायला त्या दिवशी घाम फुटला.

"आत्या, मला दात बनवता येत नाय," मी म्हणालो. "दाताच्या खड्ड्यात भरायचं पीठ करायचंय, त्याचीही लापशी होते. आणि उद्या चांगलं झालं तरी माणसाच्या तोंडात घालायच्या आधी वर्षानुवर्षं तपासावं लागतं. तुझ्या तोंडात घातलं तर मला बेड्या पडतील, आणि पडायलाच पाहिजेत."

मला वाटलं होतं आत्या मुसळ घेऊन मागे लागेल. मी चपला तशा जवळच ठेवल्या होत्या. पण ती कुठंही उठली नाही. नुसती पापडांकडे बघत बसली. मग हळू आवाजात, शिट्टी येऊ नये म्हणून सावकाश, म्हणाली, "मंग माझे नातीचा नाव कोन घेल?"

मुसळ बरं होतं.

आत्याच्या लेकीला राहवलं नाही. आमच्याकडे माणूस रडणार असं दिसलं की त्याच्या तोंडात काहीतरी घालतात. तिनं पापडाची एक लाटी तेलात बुडवून आईच्या हातात दिली. कच्ची लाटी तेलात बुडवून खाणं हे पापडाच्या दिवसाचं खरं सुख, पापड हे आपलं निमित्त. आत्यानं लाटी तोंडात टाकली, रागानं चावली आणि माझ्याकडे बोट करून म्हणाली, "दात बनवतो बोलला! मंत्र्याचे दात बनवतो बोलला!"

कुटणं थांबलं. पोळपाट थांबले.

"आत्या," मी म्हणालो, "परत बोल."

"काय बोलू? दगड? दोन दात देत नाय आनि..." आणि तीच थांबली. तिनं जिभेनं चाचपून पाहिलं. लाटी तिच्या फटीत बरोबर चिकटून बसली होती. चिंबोरीनंतर पहिल्यांदाच आत्याच्या तोंडातून द पडला होता, तोही एका दमात चार.

एवढ्यात ती लाटी सुटली आणि आत्यानं सवयीनं गिळून टाकली. पण पोह्याचं पीठ म्हणजे भातच की. भाताचा दात! रसायनशास्त्र शिकून मी साल जाळत बसलो होतो आणि आतला दाणा दोन महिने पंक्तीत बसून खात होतो.

पुढचं सगळं माझ्या कॉलेजात झालं, आणि सांगायला हरकत नाही, माझ्या नोकरीतलं सगळ्यात मन लावून केलेलं संशोधन तेच. ओली लाटी गाण्याच्या एका ओळीतच सुटते, तेव्हा ती वाळवून कडक करायला हवी. कडक दात फटीत बसायचा तर माप हवं. आत्या पेणच्या डॉक्टर मित्राकडे यायला तयार झाली, पण खुर्चीत बसायच्या आधी तिनं त्याची सगळी कपाटं उघडून आत कोणी नाही ना ते बघितलं. त्यानं मेणात तिच्या जबड्याचा ठसा घेतला, प्लास्टरचा साचा करून दिला आणि मला बाजूला घेऊन विचारलं, "पापड? नक्की?" मी म्हणालो, "नक्की. पोटात गेला तर पचेल. तुझी कवळी पचते का?"

भट्टीला आता सुट्टी होती, त्यामुळे प्राचार्यांचा पंखा फिरत होता. पण दुपारी वासानं ते खाली यायचेच. "सर, तळणार केव्हा?" मी साच्यात पीठ दाबून दात काढायचो, सावलीत वाळवायचो, आणि पाण्यात सोडून बघत बसायचो. उन्हात वाळवलेले तडकले. पापडखार जास्त झालेला स्वतःच्याच तोंडात ठेवून पाहिला, तर संध्याकाळपर्यंत जीभ माझी राहिली नाही. तेव्हा खार कमी केला. मिठानं दात लवकर ओल धरतो असं दिसलं, म्हणून मीठही जवळजवळ काढून टाकलं. शेवटी असा दोन दातांचा जोड तयार झाला, की रंगानं आत्याच्या बाकी दातांहून उजळ आणि स्वभावानं तितकाच कडक. पाण्यात तो एक धवला टिकायचा. दुसऱ्या धवल्याच्या मध्यावर त्याचा धीर सुटायचा, आणि हळदीचा धवला दोन धवल्यांएवढा लांब.

"आत्या, देव जरा कमी बोलव," मी सांगून पाहिलं. "चार मोठे देव घे आणि लगेच नावावर ये."

"आनि बाकीच्यांना काय सांगू? माझा दात वितलतो, तुमी घरीच र्‍हावा?"

"मग मधे थांब, दुसरा जोड लावू."

"धवला सुरू झाला की मधे थांबत नाय. तुना ठावं हाय."

ठाऊक होतं. म्हणून हळदीच्या दिवशी मी मांडवाच्या खांबाला धरून उभा होतो आणि माझे स्वतःचे दात एकमेकांवर वाजत होते.

चौक भरून झाला. नवरी पाटावर बसली. पलीकडे जावयानं टेबलावर मशीन मांडलं होतं, आत कॅसेट, आणि बटणावर त्याचं बोट. वाईट मनानं नव्हे. त्याला लेकीची हळद बिनगाण्याची होऊ द्यायची नव्हती. आत्यानं पाठमोरी होऊन जोड बसवला, पाण्याचा घोट नाकारला, चौकापुढं बसली आणि धवला उचलला.

ध स्वच्छ आला. बायकांच्या अंगावर काटा आला, माझ्या तर टाळूवरचे केस उभे राहिले, त्यातली उरलेली राख उडाली म्हणतात.

देव यायला लागले. गावचा देव आला, शिवेवरचा आला, खाडीचा आला. मिठागराच्या बांधावरची देवी आली. ज्यांची देवळं पुरात वाहून गेली होती असेही आले. इतके देव आले की मांडवात उभं राहायला जागा उरली नाही, आणि प्रत्येकाबरोबर माझा दात थोडा थोडा मऊ होत होता. मला खांबापासून दिसत होतं. डावीकडचा जरा कलला. आत्यानं न थांबता जिभेनं तो जागेवर लोटला. मग गेलेली माणसं सुरू झाली. सासरा, सासू, दीर. आता संपली, असं मी म्हणतोय तोवर आत्यानं आणखी एक नाव उचललं. माझ्या वडिलांचं. तिच्या भावाचं. सासरच्या घरच्या हळदीत माहेरचा माणूस बोलवत नाहीत, तो ठरलेला नव्हता, वेळही नव्हता. मी खांबामागून "पुरे" म्हणणार होतो. पण बाप आपल्या हळदीला आला असताना त्याला परत जा कोण सांगणार?

जावयाचं बोट बटणावर पांढरं पडलं होतं.

आणि आत्यानं नातीचं नाव घेतलं. पहिला स आला, मऊ, शिट्टीशिवाय. दुसरा आला. ता वर तिनं आवाज लांबवला, नेहमीपेक्षा जास्त लांबवला, जणू तो परत हातून जाऊ द्यायचाच नव्हता. नवरीनं मान वर करून आजीकडे पाहिलं. बायकांनी धवला झेलला आणि सगळा मांडव गायला लागला. जावयानं बोट बटणावरून काढून डोळ्याला लावलं. विचारलं तर म्हणाला, हळद उडाली.

हळद लागली, बायका जेवायला उठल्या, तेव्हा मी आत्यापाशी जाऊन बसलो. ती तोंड मिटून बसली होती, गाल हलत होते.

"आत्या, दात कुठंय?"

आत्यानं तोंड उघडून दाखवलं. फट पूर्वीसारखी मोकळी.

"खाल्ला," ती म्हणाली. पुन्हा ह आणि शिट्ट्यांची ती जुनी भाषा सुरू झाली होती, पण मला समजलं.

मी मनात यादी तपासली. तोंडात नीट बसावा, त्रास देऊ नये, काम होईपर्यंत टिकावा, काम झालं की निमूट विरघळून जावा, मागे काही ठेवू नये. मुंबईच्या त्या बाईंनी माझ्या पदार्थाकडून मागितलेलं सगळंच्या सगळं झालं होतं, आणि कागदावर मांडायला माझ्याकडे एक कणसुद्धा उरला नव्हता. तरी मला शास्त्र सोडवेना. मी विचारलं, "आणि मानवला का?"

आत्यानं विचार केला. जिभेनं फटीतला शेवटचा कण काढून चाखला.

"मानवला," ती म्हणाली. "पन मीठ कमी परला. मिठागरवालीचा भाचा नं रं तू?"